रंधा, पटाशी आणि विजेची गिटार
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात, बीड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हांस हस्तव्यवसायासंबंधी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषय निवडण्याची मोकळीक दिली, याबद्दल प्रारंभीच आभार मानतो. आम्ही निवडलेला विषय ऐकून काही वडीलधाऱ्या मंडळींच्या मुद्रेवर स्मित उमटले, हे आमच्या नजरेतून सुटलेले नाही. विजेवर वाजणारी गिटार आणि तिचे थोरले भावंड जे बेस, ही वाद्ये आपल्या घरी, आपल्या हत्यारांनी कशी करता येतात, हा आमचा आजचा विषय आहे. सुतार-लोहारांच्या मेळाव्यात तिफण, चौकट, पाळणा यांविषयी बोलावे, हे परदेशी वाद्य मध्येच कोठून आले, असा प्रश्न कोणाच्या मनात आल्यास तो रास्तच आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच आम्ही उभे आहोत.

आधी आपल्या घरची स्थिती पाहू. एके काळी गावगाड्यात सुतारावाचून पेरणी होत नसे. नांगर, वखर, तिफण, गाडीचे चाक, मोटेचा कणा, घराचे तुळवट, देवघराची चौकट, बाळाचा पाळणा आणि शेवटच्या प्रवासाची तिरडीसुद्धा त्याच्या हाताखालून जात असे. खळ्यावर त्याचे बलुते ठरलेले असे. पुढे किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला, मग रबरी धावेची गाडी आली, मग ट्रॅक्टर आला. अलीकडे तयार दरवाजे आणि दाबलेल्या भुशाच्या फळ्यांचे कपाट गावच्या बाजारात येऊन पडले. यांपैकी कोणत्याही गोष्टीला दोष देण्याचे कारण नाही. कुणब्याचा बैल वाचला आणि त्याचे श्रम हलके झाले, ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु त्यायोगे आपल्या घरी काय घडले ते डोळ्यांआड करून चालणार नाही. बालाघाटाच्या डोंगरपट्टीतील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात, त्यांत आपलीही घरे आहेत. शिकलेली मुले पुण्याच्या कारखान्यांत गेली. कारागिराच्या घरात कारागिरी उरली नाही. उरली ती माळ्यावर धूळ खात पडलेली हत्यारांची पेटी.

बंधुभगिनींनो, धन गेले तर पुन्हा मिळवता येते. जमीन गेली तर कष्टाने परत घेता येते. परंतु हाताची विद्या पुस्तकात लिहून ठेवता येत नाही. ती बापाच्या हातून लेकाच्या हाती, कामाच्या जागीच जाते. मधली एक पिढी कोरडी गेली की ती संपते. पटाशीला धार कशी लावावी, लाकडाचा कल कोणत्या बाजूस आहे हे बोटांनी कसे ओळखावे, हे जाणणारे आजोबा आज सत्तरीत आहेत आणि नातू सतरा वर्षांचा आहे. या दोघांना एका पाटावर बसवील असे काम कोणते? नातवाला नांगर नको आहे. पण गिटार हवी आहे, आणि ती हवी म्हणून तो आठ-आठ महिने आजोबांपाशी बसावयास तयार होतो, हा आमचा प्रत्यक्ष अनुभव आहे. आमच्या घरच्या मुलांनी आमच्याबरोबर आजवर दोन गिटारी आणि एक बेस तयार केला. त्या अनुभवाच्या आधारावर पुढील निवेदन आहे.

तंतुवाद्य घरी करणे ही या जिल्ह्याला नवी गोष्ट नव्हे. गोंधळ्याचे तुणतुणे पाहा. लाकडाचे पोकळ नळकांडे, खाली बकऱ्याचे कातडे, बाजूस एक दांडी, वर एक खुंटी आणि मधून ताणलेली एकच पोलादी तार. अंबाजोगाईच्या योगेश्वरीच्या अंगणात ते पिढ्यान्‌पिढ्या वाजत आले आहे आणि ते बहुधा कोणत्याही दुकानातून आणलेले नसे. आपल्याकडे गावोगाव हरिनाम सप्ताह होतात. सात दिवस अहोरात्र वीणा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते, पण भूमीवर टेकत नाही. त्या वीणेची दांडी दुभंगली, खुंटी सैल झाली, तर ती घेऊन लोक कोणाच्या दारी येत? आपल्याच. आणि हल्ली लग्नाच्या वरातीत जो ‘बँजो’ वाजतो, तो तरी काय आहे? जपानातील नागोया शहरी १९१२ साली निघालेल्या ताइशोगोतो या वाद्याचा तो वंशज. हिंदुस्थानात त्याचे बुलबुलतरंग झाले, आणि आपल्या मंडळींनी त्याच्या तारांखाली चुंबकाची पेटी बसवून त्याला विजेच्या कर्ण्यास जोडले. तात्पर्य, विजेचे तंतुवाद्य आपल्या वेशीच्या आत केव्हाच आले आहे. आपण त्याला नुसते ओळखले नाही इतकेच.

जुनी हत्यारे नव्या कामास लावून एखादे घराणे कसे तरते, याचा महाराष्ट्रातील सर्वांत थोर दाखला मिरजेचा. तेथील शिकलगार मंडळींचा मूळ धंदा तलवारी-भाल्यांना धार लावण्याचा आणि शस्त्रांची दुरुस्ती करण्याचा. इंग्रजी अंमल बसला आणि शस्त्रांची मागणी आटली. तेव्हा, १८५० च्या सुमारास, त्या समाजातील फरीदसाहेब यांनी तंतुवाद्यांची दुरुस्ती हाती घेतली. दुरुस्तीतून निर्मिती आली. संगीताचे चाहते असलेल्या मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई मिरजेत वास्तव्यास आले आणि वाद्य करणारा व वाद्य जोखणारा हे एकाच गल्लीत राहू लागले. मंगळवेढे-पंढरपूर भागातून येणारे भोपळे, तूनचे लाकूड आणि शिकलगारांचा हात यांच्या संयोगाने मिरजेचा तंबोरा देशभर गेला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन लाभले. शस्त्रे गेली म्हणून ते हात जोडून बसले असते, तर आज त्यांचे नाव कोणी घेतले नसते. ही मंडळी आपल्या ज्ञातीची नव्हेत, आपल्या धर्माचीही नव्हेत. परंतु कारागिराने धडा कोणाकडून घ्यावा याला जातीचे बंधन नसते, आणि असू नये.

आता विजेच्या गिटारीकडे वळू. तंबोरा किंवा साधी गिटार करणे अत्यंत कठीण, कारण तेथे आवाज पोकळीतून निघतो. तबली केसभर जाड राहिली तर वाद्य मुके होते, केसभर पातळ झाली तर फुटते. तो हात यावयास तप लागते. विजेच्या गिटारीत ही अडचण नाही, कारण तिचे अंग भरीव असते. पोकळ गिटारीचा आवाज विजेने फार वाढविला की कर्ण्याचा नाद उलट पोकळीत शिरतो आणि वाद्य आपोआप घुमून किंचाळू लागते. यावर उपाय म्हणून अमेरिकेतील लेस पॉल या वादकाने १९४० च्या सुमारास चार इंची चौकोनी लाकडी ओंडक्यावरच तारा ताणल्या आणि लोकांना ते गिटारीसारखे दिसावे म्हणून दोन्ही बाजूंस जुन्या गिटारीची अर्धी-अर्धी अंगे चिकटविली. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावचा लिओ फेंडर हा तर रेडिओ दुरुस्त करणारा मनुष्य. त्याला स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती. त्याने १९५० साली सपाट फळीचे अंग आणि त्याला चार स्क्रूंनी जोडलेली दांडी अशी गिटार बाजारात आणली. १९५१ साली त्याच रीतीने बेस केला आणि १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर ही गिटार काढली, जिचा आकार आज जगभर ओळखला जातो. फळी कापणे, दांडी घडणे, खाच पाडून जोड बसविणे आणि स्क्रूने आवळणे, यात सुताराला परके असे काय आहे, हे आपणच सांगावे.

मग भरीव फळीतून आवाज येतो कसा? तारेखाली लोहचुंबक असतो आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात कंप पावली की ते क्षेत्र हालते, आणि क्षेत्र हालले की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. हा नियम मायकेल फॅरडे याने १८३१ साली शोधून काढला आणि आपली मुले तो दहावीच्या पुस्तकात पाठ करतात. तारेच्या कंपाइतक्याच कंपांची ती क्षीण वीज अँप्लिफायरमध्ये जाऊन मोठी होते. या चुंबकाच्या पेटीला पिकअप म्हणतात. तार पोलादाचीच पाहिजे. नायलॉनची लावली तर पिकअप तिला ओळखतच नाही. साध्या पिकअपमध्ये सुमारे ०.०६३ मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे केसासारख्या बारीक तारेचे सुमारे ८,००० वेढे असतात. ही सगळी तार उलगडली तर एक किलोमीटरच्या घरात भरेल. आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी पुन्हा गुंडाळून देणारी दुकाने आहेत. त्या कारागिराची तार पुष्कळ जाड असते, परंतु वेढे मोजण्याचे यंत्र, मुलामा न खरवडता तार ओढण्याचा हात आणि टोके जोडण्याची सफाई हे सर्व त्याच्यापाशी आहे. आमच्या पहिल्या पिकअपचे वेढे अशाच एका शेजाऱ्याच्या दुकानात बसून घातले. सुतार, लोहार आणि मोटार गुंडाळणारा असे तिघे एकत्र आले म्हणजे गिटारीचा कारखाना उभा राहिला.

लाकडाविषयी आपणांस आम्ही काय सांगावे? तथापि दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. गिटारीच्या सहा तारा मिळून दांडीवर सुमारे ४० ते ४५ किलो ओढ असते. बेसच्या चार जाड तारांची ओढ सुमारे ७० ते ८० किलोपर्यंत जाते. ही ओढ रात्रंदिवस चालू असते. म्हणून दांडीचे लाकूड सरळ धाग्याचे, गाठीरहित आणि पूर्ण मुरलेले पाहिजे. आपला उन्हाळा लाकूड तडकवितो आणि पावसाळा ते फुगवितो. ओले लाकूड घेतल्यास पहिल्याच वर्षी दांडी पिळवटते. जुने वाडे उतरविले जातात तेव्हा निघणारे सागवान हे यावर उत्तम औषध. पन्नास-शंभर पावसाळे पाहिलेला तुळवट जे वाकायचे ते वाकून चुकलेला असतो. आम्ही दांडीसाठी अशा सागाच्या तीन पट्ट्या, धागा एकमेकांविरुद्ध ठेवून, सरसाने जोडल्या. मध्ये खोबणी पाडून पोलादी सळई बसविली. ही सळई आवळून किंवा सैल करून दांडीचा बाक सुधारता येतो. पडद्यांखालची पट्टी शिसवीची. अंगासाठी सुमारे पावणेदोन इंच जाडीची फळी लागते. तिच्याकरिता एक सुचवितो. ज्या महोगनीच्या गिटारी जगात वाखाणल्या जातात ती महोगनी, मिरजेच्या तंबोऱ्याचे तून आणि आपल्या बांधावरचा कडुलिंब ही तिन्ही झाडे वनस्पतिशास्त्राप्रमाणे एकाच कुळातली आहेत. मात्र लिंबाची फळी सावलीत, खाली पट्ट्या देऊन, निदान वर्षभर वाळवावी. बाभूळ चाकाच्या आऱ्यांना ठीक. गिटारीच्या अंगाला ती जड आणि हट्टी पडते.

आता या कामातील सर्वांत नाजूक भाग, म्हणजे पडदे. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असल्यामुळे सरकविता येतात. गिटारीचे पडदे दांडीत ठोकून कायम बसवायचे असतात. तेथे अर्धा मिलिमीटर फरक झाला तर कानाला खटकतो. यासाठी जुने युरोपीय कारागीर एक हिशेब वापरीत: तारेची लांबी अठराने भागावी, येईल तितक्यावर पहिला पडदा, उरलेली लांबी पुन्हा अठराने भागावी, तेथे दुसरा, असे पुढे चालावे. हे गणित १५८१ साली विन्चेन्झो गॅलिली या संगीतज्ञाने ग्रंथात मांडले. तो थोर शास्त्रज्ञ गॅलिलिओचा पिता. परंतु या हिशेबात थोडी खोट आहे. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर आला पाहिजे. ६४८ मिलिमीटर, म्हणजे साडेपंचवीस इंच, ही तारेची लांबी धरली तर मध्य ३२४ वर येतो. अठराने भागत गेल्यास बारावा पडदा मध्यापासून सव्वादोन मिलिमीटरहून अधिक चुकतो. खरा भाजक १७.८१७ आहे. सप्तकाचे बारा समान स्वर पाडायचे तर दोनाचे बारावे मूळ काढावे लागते, त्यातून हा आकडा निघतो. त्याप्रमाणे पहिला पडदा अटीपासून ३६.३७ मिलिमीटरवर आणि दुसरा ७०.७० वर येतो. बेसची तार लांब, साधारणतः ८६४ मिलिमीटर, परंतु भाजक तोच. आमच्या घरच्या मुलाला बारावे मूळ म्हणजे काय हे शाळेत कधी कळले नव्हते. बाराव्या पडद्यावर बोट ठेवून मोकळ्या तारेचाच स्वर वरच्या सप्तकात जसाच्या तसा निघाला, तेव्हा ते त्याला एका क्षणात कळले. विद्या हाताच्या वाटेनेही डोक्यात शिरते, याहून अधिक पुरावा आम्हांस नको.

पडद्यांच्या खाचा अर्ध्या मिलिमीटरहून थोड्या रुंद पडतील अशा बारीक दातांच्या करवतीने, गुण्या लावून पाडाव्यात. पडदे ठोकल्यावर लांब सपाट कानस फिरवून सर्वांचा माथा एका पातळीत आणावा. अटी पितळेची केली तर आपल्या लोहाराच्या घरीच होते. घोडी मात्र मागेपुढे सरकविता येईल अशी असावी, कारण जाड तार दाबली असता स्वर किंचित चढतो आणि तिला किंचित अधिक लांबी द्यावी लागते. बाराव्या पडद्यावर तार दाबून येणारा स्वर आणि त्याच जागी बोट नुसते टेकवून उमटणारा स्वर एक होईपर्यंत घोडी सरकवावी. तारा, दांतेरी खुंट्या, पडद्यांची तार, आवाज कमी-जास्त करण्याची बटणे आणि दांडीतील सळई या वस्तू विकत घ्याव्यात. बाकी सर्व घरी होते.

विजेसंबंधी सावधगिरीचे दोन शब्द. साधा पिकअप घरातील विजेच्या तारांची ५० आवर्तनांची घरघरही पकडतो. १९५५ साली गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर याने दोन वेटोळी उलट-सुलट जोडून ती घरघर एकमेकांत विरवून टाकण्याची युक्ती काढली. नवशिक्याने निदान खाचेच्या आत तांब्याचा पातळ पत्रा लावून तो घोडीशी व जोडणीच्या ऋण टोकाशी जोडावा. गिटारीत स्वतःची अशी धोक्याची वीज नसते, परंतु अँप्लिफायरच्या पेटीत असते, आणि वीज बंद केल्यावरही काही वेळ ती आत साठून राहते. ती पेटी मुलांनी उघडू नये, आणि जमिनीची तिसरी तार नसलेल्या जागी गिटार जोडू नये. आपल्या मांडवांतील जोडण्या कशा असतात हे आपण जाणतोच. जीव वाद्याहून मोलाचा आहे.

कोणी म्हणेल, घरी केलेली वस्तू ती घरगुतीच. मोठ्या व्यासपीठावर ती टिकते काय? लंडनजवळ राहणारा ब्रायन मे नावाचा शाळकरी मुलगा गिटारीसाठी झुरत होता. घरची ऐपत नव्हती. पिता हॅरॉल्ड हे विद्युत्-यंत्रांचे जाणकार. १९६३ साली बापलेकांनी घरातच काम आरंभिले. दांडी केली ती एका जुन्या चुलवणाच्या चौकटीच्या महोगनीची; तिला किड्याने पाडलेली छिद्रे आगपेटीच्या काड्यांनी बुजविली. अंगात जुन्या मेजाचे ओक लाकूड वापरले. स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलीच्या, खुणेचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याच्या बुतावांचे. दोन वर्षांच्या सुमारास काम चालले. पुढे तो मुलगा ‘क्वीन’ या जगप्रसिद्ध वाद्यवृंदाचा गिटारवादक झाला, आणि २००२ साली इंग्लंडच्या राणीच्या राजवाड्याच्या छपरावर उभा राहून त्याने त्याच गिटारीवर राष्ट्रगीत वाजविले. त्याच मुलाने २००७ साली खगोलशास्त्रात डॉक्टरेटही मिळविली. ज्यांना वाटते की हत्यार हाती धरले म्हणजे शिक्षण सुटले, त्यांनी हे उदाहरण ध्यानी ठेवावे.

आणि हे केवळ सुखवस्तू देशात घडते असे नव्हे. सहारा वाळवंटातील तुआरेग लोक आपल्या दुष्काळी पट्ट्यासारखेच पोटासाठी देशोधडीला लागलेले. त्यांच्यातील इब्राहिम अग अल्हबीब या पोरक्या मुलाने पत्र्याचा डबा, काठी आणि सायकलीच्या ब्रेकची तार यांची पहिली गिटार केली. त्याने साथीदारांसह उभारलेल्या ‘तिनारिवेन’ या वृंदाला २०१२ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले. आपल्या देशात विश्वमोहन भट्ट यांनी गिटारीची दांडी-तारा आपल्या रागसंगीतासाठी बदलून मोहनवीणा घडविली आणि १९९४ साली तेच पारितोषिक मिळविले. म्हणजे हे वाद्य आपले नव्हे ही शंकाही टिकत नाही. पेटीसुद्धा परदेशातूनच आली होती; आज तिच्यावाचून आपले भजन होत नाही.

आता पोटापाण्याचा प्रश्न, कारण तो टाळून बोलणे हा कारागिरांचा अपमान होईल. गिटारी करून आपला समाज श्रीमंत होईल असे आम्ही म्हणत नाही. यंत्रावर झालेल्या स्वस्त गिटारी बाजारात आहेत आणि किमतीत आपण त्यांच्याशी झुंजू शकत नाही. खुद्द मिरजेतही श्रमांच्या मानाने मोबदला अपुरा पडतो म्हणून तरुण दुसरीकडे वळतात. परंतु वाद्य हे एकदा विकून संपत नाही. त्याचे पडदे झिजतात, दांडी वाकते, पिकअप तुटते. आपल्या जिल्ह्यात बँजोपार्ट्या आहेत, शाळांत पेट्या आहेत, मंदिरांत वीणा आहेत. त्यांच्या दुरुस्तीसाठी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागते. शिकलगारांनी आरंभ दुरुस्तीपासून केला, हे विसरू नये. आणि ज्या मुलाने अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब पाळून एक दांडी घडविली, तो उद्या यंत्रशाळेत जावो, विद्युत्-शाखेत जावो वा कारखान्यात जावो, तेथे त्याचा हात थरथरणार नाही.

म्हणून मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, विद्यार्थी साहाय्य निधीतून दरवर्षी काही रक्कम पाटासाठी काढावी: प्रत्येक तालुक्यात एक कामाचा पाट, एक शिकंजा, हत्यारांचा एक संच, आणि आठवड्यातून एक दिवस बसणारे एक वडीलधारे कारागीर. १७ सप्टेंबर २०२३ रोजी आरंभ झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार-लोहारांसह अठरा व्यवसाय घेतले गेले, आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठेवले गेले. ज्या घरांनी ते घेतले असेल त्यांनी ती हत्यारे माळ्यावर जाऊ देऊ नयेत. दुसरी, या पाटावर मुलींना बरोबरीने स्थान असावे. आठ हजार वेढे न तुटता घालण्याचे काम आमच्या घरी ज्या हातांनी केले, ते आमच्या पुतणीचे हात होते. तिसरी, हा पाट आपल्या ज्ञातीपुरता कोंडून ठेवू नये. मोटार गुंडाळणारा शेजारी, गोंधळी, भजनी, बँजोवाला, जो येईल त्याला बसू द्यावे. वाद्य करणाऱ्याला वाजविणारा हवाच.

पालकांना शेवटची एक विनंती. ‘आमच्या मुलाने रंधा धरू नये म्हणून तर आम्ही कष्ट केले’, हे वाक्य आम्ही घरोघर ऐकतो. त्यामागे किती अपमान आणि किती उपास आहेत हे आम्ही जाणतो. ते आमच्याही घरी होते. पोटासाठी, दुसऱ्याच्या अंगणात, बलुत्याच्या आशेने धरलेला रंधा मुलाच्या हाती द्यावा असे आम्ही म्हणत नाही. तो गेला ते बरेच झाले. परंतु आपल्या इच्छेने, आपल्या घरात, आपल्या आनंदासाठी आणि ज्ञानासाठी धरलेला रंधा ही निराळी वस्तू आहे. पहिल्यात लाचारी होती, दुसऱ्यात मालकी आहे. आजोबा अजून आहेत, पेटी अजून माळ्यावर आहे, नातवाला गिटार हवी आहे. या तीन गोष्टी एका वेळी जुळून येण्याचा हा काळ फार दिवस राहणार नाही. येत्या संमेलनात याच व्यासपीठावर, आपल्या जिल्ह्यातील लिंबाच्या फळीवर ताणलेली तार आपणांस ऐकावयास मिळो, इतकी इच्छा प्रकट करतो.